पाच वाफ्यांचा हिशेब

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेच्या आवारातल्या वाफ्यांवर मुलांना क्षेत्रफळ शिकवत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं. म्हणून परसबागेचा हा विषय मी मुख्यतः हिशेबाच्या अंगानं मांडणार आहे. परसबागेविषयी जिव्हाळ्यानं बोलणारे पुष्कळ आहेत. जागा किती, पाणी किती आणि त्यातून माणशी भाजी किती, हे कागदावर मांडणारे थोडे. मृगात हौसेनं धरलेल्या बहुतेक बागा दिवाळी पाहत नाहीत, त्याचं मुख्य कारण मला हेच दिसतं.

बाग करायची ठरली की आपण आधी बियाणांच्या दुकानात जातो. टोमॅटो, वांगी, फ्लॉवर, सिमला मिरची, दुधी, काकडी अशी दहा-बारा पाकिटं आणतो आणि एका रविवारी सगळी पेरून मोकळे होतो. दीड-दोन महिन्यांनी एकदम दुधीच दुधी. शेजारीपाजारी वाटले तरी संपत नाहीत. मग पंधरा दिवस काहीच नाही, आणि घर पुन्हा मंडईच्या वाटेला लागतं. बागेत माल निघाला खरा, पण घराच्या जेवणात काडीचा फरक पडला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बागेची आखणी पाकिटापासून सुरू करू नये. ताटापासून सुरू करावी आणि मागे मागे जात वाफ्यापर्यंत यावं.

तर आधी ताट पाहू. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था २,००० कॅलरीच्या दिवसभराच्या आहाराचं एक ताट सुचवते. त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, फळं १०० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम. या ४०० ग्रॅमपैकी १०० ग्रॅम पालेभाजी. आपल्या घरातलं ताट डोळ्यांसमोर आणा. पोळी-भाकरी-भाताचा वाटा भरपूर, भाजी कडेला वाटीभर, तीही बऱ्याचदा बटाट्याची. पालेभाजी आठवड्यातून एखादी. धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असं हीच संस्था सांगते. आपल्याकडे ती सहज त्याच्या पुढे जाते.

याचे परिणाम दिसत नाहीत असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या आसपास आहे. रक्तक्षयाची कारणं अनेक आहेत. जंत आहेत, मलेरिया आहे, पाठोपाठची बाळंतपणं आहेत, नुसत्या भाजीनं तो बरा होतो असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायलाच हव्यात. पण रोजच्या जेवणात पाला नसणं हे त्यातलं एक कारण आहे, आणि ते घराच्या मागच्या दारी सुटण्याजोगं आहे.

आता हिशेब. पाच माणसांचं घर धरू. माणशी ४०० ग्रॅम म्हणजे दिवसाला दोन किलो, वर्षाला ७३० किलो भाजी. एवढी सगळी घरी पिकवायची तर जागा किती लागेल? भेंडी घ्या. चांगल्या शेतात हेक्टरी दहा-बारा टन भेंडी निघते. चौरस मीटरला किलोभर, आणि तीही एका दिवसात नाही, दीड-दोन महिन्यांच्या तोड्यांत मिळून. पाच जणांच्या एका जेवणाला अर्धा किलो भेंडी लागते. आठवड्यातून दोनदा भेंडी करायची म्हटलं तर त्या दोन महिन्यांसाठी आठ-नऊ चौरस मीटर नुसती भेंडीच लावावी लागेल. टोमॅटो आणि दुधी चौरस मीटरला याच्या दुप्पट-तिप्पट देतात. सगळ्या फळभाज्यांची सरासरी काढून, वर्षात दोन पिकं धरून, घरची पूर्ण गरज भागवायला सव्वा ते दीड गुंठा लागतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. ज्याच्याकडे एवढी जागा, पाणी आणि हात आहेत त्यानं जरूर करावं. पण या सभागृहातल्या किती जणांकडे ते असेल?

पालेभाजीचा हिशेब करून पाहिला की मात्र चित्र पालटतं. पाच जणांना रोज १०० ग्रॅमप्रमाणे आठवड्याला साडेतीन किलो पाला लागतो. राजगिरा, माठ, मेथी यांचा एक चौरस मीटरचा वाफा नीट पोसला तर किलो-सव्वा किलो पाला देतो. म्हणजे आठवड्याला तीन चौरस मीटर पुरतात. पेरणीपासून काढणीपर्यंत चार आठवडे लागतात. तेव्हा तीन-तीन चौरस मीटरचे पाच वाफे करायचे: चार वाढीला लागलेले, पाचवा काढणीत. दर आठवड्याला एक वाफा पेरायचा, एक काढायचा. सगळे मिळून पंधरा चौरस मीटर, म्हणजे साधारण १६० चौरस फूट. एका खोलीएवढ्या जागेत पाच माणसांची वर्षभराची पालेभाजी बसते. आणि आपल्या ताटात नेमकी जी उणीव आहे, तीच हे वाफे भरून काढतात. भेंडी-टोमॅटो बाजारातून आणल्यानं फारसं बिघडत नाही. पाला मात्र उपटल्यापासून सुकत जातो, त्यातलं क जीवनसत्त्व तासातासानं घटतं, आणि निवडून फेकला जाणारा भागही त्याचाच सर्वांत जास्त. घरी पिकवण्यात सर्वाधिक फायदा कशात असेल तर तो पाल्यात आहे.

दर आठवड्याला एक वाफा, हे वाक्य पाठ करावं इतकं मला महत्त्वाचं वाटतं. परसबाग चालते ती खतानं नव्हे, या वारानं चालते. मूठभर बी, रविवारी, न चुकता. उमेद अभियानातल्या बचत गटांच्या बायकांनी गावोगावी पोषण परसबागा केल्या आहेत. त्यातली जी बाग चैत्रातही हिरवी दिसते, तिथे कोणीतरी असा वार पाळलेला असतो.

आता पेरायचं काय? पालेभाजी म्हटलं की शहरात तीन नावं पुढे येतात: मेथी, पालक, कोथिंबीर. आपल्या मुलखाची यादी याहून फार मोठी आहे आणि ती ऋतूंप्रमाणे लावलेली आहे. पावसाळ्यात तांदुळजा, लाल माठ, अंबाडी, मायाळू, अळू. थंडीत मेथी, शेपू, चाकवत, चुका, करडई, हरभऱ्याचा कोवळा पाला. उन्हाळ्यात राजगिरा, पोकळा, चवळीचा पाला. आणि घोळ, जी न पेरता कुंडीच्या कडेनं आपसूक येते आणि आपण तण म्हणून उपटून टाकतो. मेथी एप्रिलमध्ये रडतखडत येते आणि लगेच फुलावर जाते. तेव्हा तिच्यामागे लागू नये, राजगिरा पेरावा. ज्या ऋतूत जे उगवायला उत्सुक असतं ते लावलं की निम्मी मेहनत वाचते.

पालकाची कीर्ती त्याच्या गुणांपेक्षा मोठी आहे, हे माझं मत मी इथे मांडून ठेवतो. पालकात ऑक्झलेट पुष्कळ असतं आणि त्यातलं बरंचसं कॅल्शियम त्यात अडकून पडतं. त्यापेक्षा दारात एक शेवगा असावा. शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. तेवढ्याच दुधात ते १२०च्या आसपास असतं. आपण शेवगा शेंगांसाठी लावतो, तो वीस-पंचवीस फूट वाढतो आणि पहिल्या वादळात मोडतो. पाल्यासाठी लावलेला शेवगा कंबरेएवढा झाला की शेंडा खुडावा आणि पुढे दर दोन महिन्यांनी फांद्या छाटत राहावं. तो झुडपासारखा फुटतो, पानं हाताशी येतात. कोवळी पानं देठावरून ओरबाडून काढायची आणि मुगाच्या डाळीबरोबर किंवा थालीपिठात घालायची. चवीला किंचित उग्र लागतात, म्हणून सुरुवातीला मूठभरच घ्यावीत.

पिकवणं आणि अंगी लागणं यांच्यात स्वयंपाकघर असतं, आणि तिथे जुन्या स्वयंपाकात बरंच शहाणपण साठलेलं आहे. पाल्यातलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. त्याच जेवणात आंबट, म्हणजे क जीवनसत्त्व असलेलं काही असेल तर ते जास्त शोषलं जातं. त्यासाठी लिंबू शिजवताना घालू नये, पानात पिळावं. उष्णतेनं ते जीवनसत्त्व जातं. पाल्यातलं कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते तेल-तुपाशिवाय नीट घेता येत नाही. अंबाडीची भाजी कण्या घालून शिजवतात आणि वर लसणीची खमंग फोडणी ओततात, ती फोडणी निव्वळ चवीची नाही. उलट जेवणाला लागूनच चहा घेतला तर त्यातले टॅनिन लोहाला धरून बसतात. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात भिजत घातली की अर्धा कस मोरीत जातो. शिजवलेलं पाणी पिळून टाकू नये, त्यात पिठलं किंवा आमटी करावी. अळू, माठ आणि पालक यांचं पाणी मात्र मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी टाकावं आणि या भाज्या बेतानं खाव्यात. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनसारख्या गोळ्या ज्यांना चालू आहेत त्यांनी पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नये. डॉक्टरांना आधी विचारावं.

पाण्याकडे वळतो, कारण महाराष्ट्रात बाग पाण्यावर अडते. देशावर एप्रिल-मेमध्ये जमीन आणि झाडं मिळून रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी हवेत सोडतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. म्हणजे गुंठाभर बागेला उन्हाळ्यात रोज पाच-सहाशे लिटर पाणी हवं. टँकर येणाऱ्या गावात हे कोणी सांगू धजेल का? आपल्या पाच वाफ्यांना मात्र ऐंशी-नव्वद लिटर लागतं. पाल्याचा आणि उसाच्या चिपाडाचा थर अंथरला तर त्याहूनही कमी. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं आणि भांडी विसळलेलं शेवटचं पाणी बाजूला काढलं तर त्यातला निम्मा भाग घरातच निघतो. साबणाचं पाणी पालेभाजीला देऊ नये. ते केळीला, कर्दळीला द्यावं. न्हाणीघरामागे केळ लावायची आपली रीत त्यासाठीच होती. आणि तरीही पाणी तुटलं तर मेमध्ये पाचाचे दोन वाफे करावेत. उन्हाळ्यात आकसणारी बाग ही अपयशी बाग नव्हे.

शहरातल्या श्रोत्यांना जमिनीचा प्रश्न पडला असेल. श्रीपाद अच्युत दाभोळकर गणिताचे प्राध्यापक होते. प्रयोग परिवाराच्या माध्यमातून त्यांनी शेतकऱ्यांना आणि शहरी कुटुंबांना पानाचं क्षेत्रफळ आणि ऊन यांचा हिशेब करायला शिकवलं. पाच जणांच्या कुटुंबाला दहा गुंठ्यांत जगता येईल अशी मांडणी केली. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. शहरवाल्यांच्या दृष्टीनं त्यांची सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे झाडाला विकतची माती ओझ्यानं लागत नाही, कुजलेला पाला लागतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर याच विचारानं बाग उभी राहिली. तिथल्या स्वयंपाकघरातला ओला कचरा तिथेच मुरला आणि त्यावर फळझाडंसुद्धा वाढली.

गच्चीवर वाफा करताना वजनाचा हिशेब आधी. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते. फूटभर जाडीचा वाफा म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ पाचशे किलो. नेहमीच्या वापराची गच्ची साधारण दीडशे किलोंचा भार गृहीत धरून बांधलेली असते. तेव्हा विटांचे कट्टे बांधून ट्रॉलीभर माती चढवू नका, कितीही पक्की इमारत वाटली तरी. पालेभाजीला सहा इंच खोली पुरते. पालापाचोळ्याचं खत आणि नारळाचा भुसा यांचं मिश्रण मातीच्या निम्म्यानं हलकं असतं. वाफे भिंतीलगत, तुळयांच्या वर ठेवावेत, आणि जुन्या इमारतीत अभियंत्याला दाखवल्याशिवाय सुरुवात करू नये. बाल्कनीत चार तास ऊन येत असेल तर पालेभाजी होते. टोमॅटो-मिरचीला सहा तास हवेत. फक्त खिडकीच असेल तर पसरट ट्रेमध्ये मेथीदाणे दाट पेरावेत. मुंबईत वाळूत वाढवलेल्या कोवळ्या समुद्रमेथीच्या जुड्या मिळतात, तशी मेथी घरात दोन आठवड्यांत हाती येते. त्याशेजारी कढीपत्ता आणि पुसा ज्वाला मिरचीचं एखादं रोप. यानं घर पोसलं जाणार नाही, पण आमटीत चिमूटभराऐवजी मूठभर हिरवं पडेल.

जागा थोडी जास्त असेल तर पाच वाफ्यांच्या कडेनं मांडव घालावा. वेल जमीन कमी खातात, उजेड वर जाऊन घेतात. दुधीच्या वेलाविषयी एक तक्रार नेहमी कानावर येते: फुलं भरपूर, बोटाएवढे दुधी लागतात आणि पिवळे पडून गळतात. खत कमी पडलं म्हणून लोक शेण घालत सुटतात. दुखणं वेगळंच असतं. दुधीला नर आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलाच्या देठाशी इवलासा लवयुक्त दुधी असतो, नर फूल सडसडीत देठावर एकटं असतं. ही पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. चौथ्या-पाचव्या मजल्यावर त्या वेळी परागीकरण करायला कीटक फिरकत नाही. सहा-सातच्या सुमाराला वेलापाशी जावं, टवटवीत नर फूल तोडावं, त्याच्या पाकळ्या मागे वळवाव्यात आणि मधला परागांचा गोंडा मादी फुलाच्या तीन जाडसर ओठांवर हलकेच टेकवावा. पराग चिकटलेला डोळ्यांना दिसतो. दोन-तीन दिवसांत ते बाळफळ मान खाली घालून फुगू लागतं. दोडकाही संध्याकाळचाच, कारलं आणि काकडी सकाळची.

बियाण्याविषयी थोडकंच बोलतो. संकरित बियाण्यातून आलेल्या फळाचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही. ज्यांना बी घरचं ठेवायचं आहे त्यांनी वाल, घेवडा, चवळी यांपासून सुरुवात करावी. त्यांच्या फुलात परागीकरण बहुतेक आतल्या आतच होतं, म्हणून वाण शुद्ध राहतं. दुधी-काकडीचं तसं नाही, शेजारच्या वेलाचा पराग त्यात मिसळतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती असंच गावरान बी जपल्याबद्दल. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वाला-घेवड्याचे कितीतरी प्रकार राखले. त्यांचं काम पाहताना मला नेहमी वाटतं की वाणांचं वैविध्य सरकारी शीतगृहांइतकंच अशा परसांतही सांभाळलं जातं, आणि तिथे ते दरवर्षी मातीत जाऊन ताजं होतं.

बाग काय देणार नाही हेही स्वच्छ सांगायला हवं. धान्य देणार नाही, पुरेशी डाळ देणार नाही. तेल, मीठ, साखर कमी करायचं काम ती आपल्या वतीनं करणार नाही. घरचा अळू तळून वड्याच केल्या तर तो पाल्याचा नव्हे, तेलाचा पदार्थ होतो. आणि भाजी घरात आली म्हणजे ती प्रत्येकाच्या पानात पोहोचतेच असं नाही. अजून असंख्य घरांत बाई शेवटी जेवते. पातेल्यात भाजी उरली तर तिला, नाहीतर चटणी-भाकरी. ज्या बाईनं वाफा भिजवला, खुरपला, खुडला, निवडला, तिच्याच रक्तात लोह नाही, ही स्थिती मला सहन होत नाही. म्हणून माणशी शंभर ग्रॅम म्हणताना मी पाचही माणसं मोजली आहेत. भाजी शिजली की आधी पाच वाट्या भराव्यात, मग वाढायला घ्यावं. पाणी वाहणं आणि वाफे खणणं ही कामं घरातल्या पुरुषांनी उचलावीत. वाफा वाढला म्हणून बाईच्या दिवसात आणखी दोन तासांचं काम वाढणार असेल तर माझा हा सगळा हिशेब चुकीचा ठरेल.

मृग आठवड्या-दोन आठवड्यांवर आला आहे, तेव्हा कामाचं बोलून थांबतो. पहिल्या वाफ्यात या रविवारी राजगिरा पेरा; बी खसखशीएवढं बारीक असतं, चौपट वाळूत मिसळून फोकावं, म्हणजे दाट पडत नाही. दुसऱ्या रविवारी तांदुळजा, तिसऱ्या रविवारी अंबाडी, चौथ्या रविवारी लाल माठ. पहिला पाऊस पडून गेला की मांडवाच्या खड्ड्यांत वाल आणि दुधी, एका खड्ड्यात दोन-दोन बिया. पावसाचं पाणी वाफ्यात तुंबलं तर रोपं कोलमडतात, म्हणून वाफे जमिनीपासून वीतभर उंच करा. मावा आलाच तर निंबोळ्यांचा भुगा लिटरला पन्नास ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवून, गाळून फवारा. राजगिरा पाचव्या आठवड्यात काढायला येईल. त्या दिवशी तो वाफा मोकळा झाला की दोन पाट्या कुजलेलं खत घालून खणा आणि त्याच संध्याकाळी पुन्हा पेरा. वाफ्यांचे कागदावर काढलेले नकाशे मी बाहेर टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना जागेनुसार ते बदलून हवेत त्यांनी आपल्या अंगणाची मापं सांगावीत, आपण इथेच बसून आखू.